वरची तार

कोरी कॅसेट साठ मिनिटांची होती. एका बाजूला तीस. भाऊ दोन आणि अबोला तेरा वर्षांचा. बाजू तरी बरोबर दोनच आहेत, एवढंच समाधान रत्नप्रभाने करून घेतलं.

साडेतीन वाजले होते आणि पाचच्या आत गौर आणायची होती. दत्तारामदादाच्या घाटकोपरच्या दोन खोल्यांत आरास, समई, निरफणसाच्या कापांचा वास, सगळं जिथल्या तिथे होतं. तेरड्याची रोपं ओल्या फडक्यात गुंडाळून मोरीच्या कट्ट्यावर ठेवली होती. आणि दाराच्या आत, चपला काढून, दशरथ उभा होता. व्हायोलिनची काळी पेटी त्याने पोटाशी धरली होती. खाली ठेवली तर कुणी तरी 'इथे नको' म्हणेल, अशी.

"या भावोजी," विमलावहिनी म्हणाली. "चेंबूरहून किती लांब पडता हो घाटकोपर? तेरा वर्सां लागली."

दशरथ हसला. दादा हसला नाही. तो खिडकीपाशी बसून गजाला राळ लावत होता. लावून झाली होती, तरी लावतच होता.

"अनू, तो टेप कुठे ठेवतेस?" रत्नप्रभाने मुद्दाम मोठ्याने विचारलं.

"गणपतीच्या पायाशी. सेल नवे घातलेत, आई."

"मग कर सुरू."

"आत्ताच? अजून कुणी वाजवत नाहीये."

"असू दे गं. कर."

■ पत्र

(निळं, पातळ, घडीचं. सोबत अनुपमाने मराठीत उतरवलेला कागद, त्यात खोडाखोड.)

*श्री. अंबादास पाताडे यांच्या मुलांस,*

*माझे वडील जॉन हॅनलन तुमच्या मुंबईच्या गिरणीत विणाई मास्तर होते. १९४७ साली मायदेशी परत आले. इथे आल्यावर त्यांनी व्हायोलिनला हात लावला नाही, कारण ते त्यांनी तुमच्या वडिलांना दिलं होतं. ते फक्त शिट्टी वाजवायचे. एक रील (अनू: म्हणजे नाचाची गत) नेहमी वाजवायचे. पहिला भाग मला येतो. दुसरा भाग 'वरच्या तारेवर जातो' एवढंच आठवतं.*

*ही गत आमच्या भागात कुणाकडे उरलेली नाही. शेजारच्या खोऱ्यात तिच्यासारखी एक आहे पण ती आमची नाही. एका गावात तिला 'दळणाची वाट' म्हणतात, दुसऱ्यात 'विधवेची कोंबडी'. वडिलांना ती एका फिरत्या तांबटाने (खोडून) कल्हईवाल्याने दिली. त्याचं व्हायोलिन पत्र्याचं होतं, त्यानेच केलेलं. त्याला कुणी दिली ते कुणालाच माहीत नाही.*

*ऑक्टोबरात वडिलांच्या थडग्यावर दगड बसवतोय. तेव्हा ती वाजावी अशी इच्छा आहे. तुमच्याकडे असेल तर पाठवा. बदललेली असली तरी पाठवा. नसेल तर तसं कळवा, म्हणजे मी वाट बघणार नाही.*

*नोरा हॅनलन*

■ बाजू पहिली

गत होती. अडचण ही होती की ती दोन होती.

आबा गेले त्या तेराव्याला दशरथने याच खोलीत आबांच्या फोटोसमोर साहेबाची गत वाजवली होती. पहिला भाग ठीक झाला. दुसऱ्या भागात गत वर उडाली, एखादं पोर भिंतीवरून उडी मारतं तशी. आणि दादाने उठून त्याच्या हातातला गज धरला. 'हॉटेलात वाजवून वाजवून बाटवलीस रे आबांची गत!' दशरथ तेव्हा एका हॉटेलच्या बॅन्डमध्ये होता. तो म्हणाला, 'आणि तू भजनात घालून तिला म्हातारी केलीस.' झालं. चारी भिंतींनी ऐकलेली ही दोन वाक्यं. त्यानंतर दर गौरीला दादाने आपली गत वाजवली. दुसरा भाग खाली उतरायचा, दिवा मालवताना हात खाली येतो तसा. आणि चेंबूरला दशरथने आपली वाजवली असेल, नसेल. कोण जाणार होतं ऐकायला.

रत्नप्रभा जायची. मुलुंडहून निघायची, दोन्ही घरी फराळ पोचवायची. दोन्हीकडे ऐकायची. आणि दोन्हीकडे मान हलवायची. तिचा हा अपराध दोघांनाही ठाऊक नव्हता.

"तर पत्र वाचलंत ना दोघांनी?" ती म्हणाली. "सोमवारी मी हे पोस्टात टाकणार. रजिस्टर."

"एकच पाठवायची," दादा टेपकडे बघून म्हणाला. "जी खरी ती."

"बरोबर," दशरथ म्हणाला. "एकच पाठव, रत्ना. साहेबाचं व्हायोलिन कुणाकडे आहे त्याच्यावर जाऊ नको म्हणजे झालं."

"मग कशावर जायचं? आबांनी हे माझ्या हातात दिलं. माझ्या."

"मी शिकलो तेव्हा तू नाइटपाळीला होतास, दादा. मी आठ वर्षांचा होतो. लालबागच्या खोलीत. साहेबाचा घाम असायचा अजून त्या लाकडावर."

"आठ वर्सांच्या पोराक काय कळता?"

"तीस वर्सांच्या घोड्याक शिकल्यावर काय कळता?"

विमलावहिनी चहाचे कप घेऊन मधेच उभी राहिली. कुणाला आधी द्यावा हा प्रश्न तिला तेरा वर्षांत पडला नव्हता. तिने पहिला कप दशरथला दिला. दादाने ते पाहिलं.

"पाव्हणो आसा तो," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमी घरचे."

अनुपमा हळूच म्हणाली, "आई, हे सगळं टेप होतंय हं."

"होऊ दे."

रत्नप्रभाने ठरवलं होतं की आज रडायचं नाही आणि कुणाची बाजू घ्यायची नाही. नोराबाईला 'गत हरवली, माफ करा' असं लिहायचं की नाही, हे पाचच्या आत ठरणार होतं. पण नोराबाई दूर होती. जवळचं हे होतं, की आज हे दोघे भांडून उठले तर पुढच्या गौरीला या घरात कोण कुणाला बोलावणार? दादा अठ्ठावन्नचा झाला होता. संपानंतर गिरणीचं दार त्याला पुन्हा उघडलं नव्हतं, आणि तेव्हापासून तो व्हायोलिन एकटाच वाजवायचा, भजनी मंडळालाही जात नव्हता.

"मोठे मामा, आधी तुम्ही," अनुपमा म्हणाली.

"त्याका सांग. पाव्हणो ना तो."

"मोठा तू आहेस," दशरथ म्हणाला. "चल. मी ऐकतो. गज नाही धरणार तुझा."

■ टेपवरून

(व्हायोलिन. पहिला भाग, दोनदा. दुसरा भाग, दोनदा, खाली उतरणारा. मग खुर्ची सरकल्याचा आवाज.)

दशरथ : चांगलं वाजवलंस.

दत्ताराम : (गजाला राळ लावल्याचा आवाज.)

दशरथ : खरंच सांगतोय रे. चूक आहे, पण चांगलं वाजवलंस.

विमला : देवा रे.

अनुपमा : छोटे मामा, आता तुम्ही.

(दुसरं व्हायोलिन. पहिला भाग, दोनदा, तोच. दुसरा भाग, चढणारा. एक वेळ पूर्ण. दुसऱ्या वेळी मधेच थांबतं.)

दशरथ : काय झालं? रत्ना? का उठलीस?

■ टेपवर न आलेलं

ती उठली ते तिला स्वतःलाही कळलं नाही. तिची नजर दशरथच्या डाव्या हातावर होती आणि तिचा स्वतःचा डावा हात पोळपाटावरच्या लाटण्यावर होता. बोटं आपोआप पडत होती. पहिलं, तिसरं, दुसरं, मोकळी.

हे तिचं जुनं खूळ. पोळी लाटताना, शाळेत मुलींना टीप घालायला शिकवताना मेजाच्या कडेवर, नवऱ्याच्या आजारपणात कॉटच्या दांड्यावर. बोटं पडायचीच. मुलींना व्हायोलिन शिकवायचं आबांच्या मनातही आलं नव्हतं. मागितलं असतं तर कदाचित शिकवलंही असतं, पण मागायचं असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. ती समोर बसून तांदूळ निवडायची आणि आबांची बोटं बघायची.

आणि आबा स्वतःही असेच शिकले होते. साचाखात्यात चारशे साचे, म्हणजे माग, एकदम चालतात तिथे माणूस मेला तरी आवाज ऐकू येत नाही. कामगार ओठ वाचतात, हात वाचतात. हॅनलन साहेबाने तिथे उभ्या उभ्या धोट्यावर बोटं ठेवून आबांना गत दाखवली होती. बोटं आधी, सूर मग, सुट्टीच्या दिवशी साहेबाच्या बंगल्याच्या मागच्या पडवीत. आबांनी मुलांना तसंच शिकवलं. 'कानाक काय इचारतंस? बोटाक इचार.' हे वाक्य या घरात जानव्यासारखं वागवलं जायचं.

आत्ता तिने बोटाला विचारलं.

दादाची बोटं तिने आयुष्यभर पाहिली होती. दशरथचीही. पण कधीच एका खोलीत, एकामागून एक नाही. तेरा वर्षांपूर्वी त्या तेराव्यालाही दादाने आधी वाजवलं नव्हतं.

"दशा," ती म्हणाली. "पुन्हा वाजव. दुसराच भाग. सावकाश."

"टेपसाठी?"

"माझ्यासाठी."

त्याने वाजवलं. पहिलं, तिसरं, दुसरं, मोकळी. पहिलं, पहिलं, तिसरं. लाटण्यावर तेच पडलं. एकही बोट इकडचं तिकडे नाही.

"दादा, आता तू."

"मी काय सर्कशीतलं अस्वल आहे का गं?"

"दादा."

तिच्या आवाजात त्यांच्या आईचं काहीतरी आलं असावं. दादाने व्हायोलिन खांद्याला लावलं. पहिलं, तिसरं, दुसरं, मोकळी. पहिलं, पहिलं, तिसरं. कानाला उतरत होती आणि बोटं तीच होती.

"तुमची दोघांची गत एकच आहे," रत्नप्रभा म्हणाली.

दोघे भाऊ तेरा वर्षांत पहिल्यांदा एका मताचे झाले. "खुळी काय?" दोघेही एकदम म्हणाले.

■ बाजू पहिली, शेवटची मिनिटं

"दशा, तू दादाच्या व्हायोलिनवर वाजव."

कुणीतरी देव्हाऱ्यातला गणपती उचलायला सांगितल्यासारखे सगळे तिच्याकडे बघायला लागले. एकाने दुसऱ्याच्या वाद्याला हात लावायचा नाही, हा पाताड्यांचा नियम होता. तोही गिरणीतूनच घरी आलेला : दुसऱ्याच्या साच्याला हात लावायचा नाही. धागा तुटो, आग लागो, आधी त्याला हाक मारायची. दसऱ्याला दोन व्हायोलिनांना दोन वेगळे हार पडायचे.

"नाही," दादा म्हणाला.

"आबा असते तर..." दशरथने सुरुवात केली.

"आबा असते तर तुझ्या पाठीत गज घातला असता."

"घालू द्या त्यांना वरून," विमलावहिनी म्हणाली. ती आतापर्यंत ओट्यापाशी उभी होती. "द्या हो एकदा. रत्ना सांगता तर काय तरी असात. ती उगाच बोलणारी नाय. ती कधी बोलतच नाय."

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात वहिनी चारचौघांत नवऱ्याच्या विरुद्ध पहिल्यांदाच बोलली होती. दादा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने व्हायोलिन पुढे केलं, पण सोडलं नाही. दशरथने दुसऱ्या टोकाला धरलं. थोडा वेळ ते दोघांच्याही हातात होतं.

"पडेल," अनुपमा म्हणाली.

तेव्हा दादाने सोडलं.

दशरथने खांद्याला लावलं. वास घेतला. वाजवायला लागला, आपली गत, चढणारी, हॉटेलातली, आठ वर्षांच्या पोराची. पहिला भाग संपला. दुसऱ्या भागात त्याची बोटं वरच्या तारेवर गेली, आणि गत खाली उतरली. दादाची गत. त्याच्याच बोटांतून.

तो थांबला. पुन्हा वाजवली. पुन्हा उतरली. गज खाली घेऊन त्याने वरची तार नुसतीच छेडली, मग आपल्या व्हायोलिनची वरची तार छेडली.

"एक सूर खाली आहे," तो म्हणाला. "दादा, तुझी वरची तार अख्खा एक सूर उतरवलेली आहे! भजनासाठी लावतात तशी. अरे, म्हणजे... बोट तिथेच पडतं, पण सूर खालचा येतो." त्याने कपाळावर हात मारला. "क्लासात रोज वीस पोरांची व्हायोलिनं सुराला लावून देतो मी. वीस! तेरा वर्षांत हे डोक्यात आलं नाही."

"हात लावला नाहीस ना," रत्नप्रभा म्हणाली.

"पण मी उतरवलेली नाही," दादा म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "मी तिची खुंटी कधी सैल केली नाही. जशी लावलेली मिळाली तशीच ठेवलीय. तार बदलली तरी त्याच सुराला. आबांच्या सुराला."

"मग आबांनीच..." अनुपमा म्हणाली.

"मामंजींनीच," विमलावहिनी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. तिने हात पदराला पुसले.

"माझ्या लग्नाचा पयला वर्स. हयच, या खोलयेत. नवीन बिल्डिंग, नवीन भजनी मंडळ. बुवांचो आवाज बसको, वर जाय ना. ते म्हणाले, अंबादास, तुझी ती तार माझ्या डोक्यावरसून जाता. तर मामंजींनी खुंटी पिळली. कुर्रर्र असा आवाज इलो. माझ्या हातात दळण होता, म्हणान लक्षात रवला. परत वर केलेली मी तरी बघितली नाय."

"आणि त्यानंतर मी शिकलो," दादा म्हणाला.

"आणि त्याच्या आधी मी," दशरथ म्हणाला.

"आणि आबांना कळलं नसेल?" अनुपमाने विचारलं. "की दुसरा भाग बदलला?"

रत्नप्रभाला आबा दिसले. संध्याकाळी खिडकीपाशी, डोळे मिटलेले, गत उतरत असलेली. कळलं नसेल कसं? पत्र्याच्या व्हायोलिनवरून लाकडाच्या व्हायोलिनवर आली तेव्हाही ती बदललीच असेल. कल्हईवाल्याने कुणा पेंगणाऱ्या म्हाताऱ्याकडून घेतली तेव्हाही. आबांना कळलं असेल, आणि त्यांनी ऐकून घेतलं असेल, आणि बरी वाटली असेल. साचा बंद करून घरी आलेल्या माणसाला उतरणारी गत बरी वाटते.

दादाने व्हायोलिन परत घेतलं. मांडीवर ठेवलं. खुंटीवर अंगठा ठेवला आणि काढून घेतला.

"तुटली तर?" तो म्हणाला.

"तुटली तर माझ्याकडे आहे," दशरथने पेटी उघडून तारेचं पाकीट दाखवलं. "पण नाही तुटणार. हळू. मी सूर देतो."

त्याने आपली तार वाजवत ठेवली. दादाने खुंटी पिळली. कुर्रर्र. थोडं थांबून पुन्हा, कुर्रर्र. सूर रांगत वर आला, डगमगला, आणि दशरथच्या सुराला जाऊन टेकला. दादाने डोळे मिटले आणि बोटाला विचारलं.

गत वर उडाली.

तो शेवटपर्यंत थांबला नाही. वाजवून झाल्यावर हसत होता की काय, हे नीट कळत नव्हतं. तोंड वाकडं झालं होतं.

"मेल्या," तो दशरथला म्हणाला. "ही एवढी वर गेल्यावर परत खाली कशी आणतोस?"

"शिकवतो की."

टक्. टेप आपोआप बंद झाला. बाजू संपली होती.

■ टेप उलटायच्या आधी

अनुपमाने मागे नेऊन ऐकलं. दोन्ही गती छान आल्या होत्या. पण मधे भांडण होतं, वहिनीचं बोलणं होतं, आणि ती कुरकुर होती, दोनदा, कुणाच्या तरी दाराचं बिजागर कण्हावं तशी.

"मी हे कापून टाकू? शेजारच्यांकडे दोन टेपवाला सेट आहे, दोन्ही गती फक्त वेगळ्या उतरवून घेता येतील. नोराबाईला थडग्यापाशी वाजवायचंय, तिथे एवढी कुरकुर..."

"राहू दे," दादा म्हणाला.

तोच म्हणाला, 'जी खरी ती एकच' म्हणणारा.

"ती म्हणते ना, गत कुठून कुठे गेली ते कळत नाही. निदान या ठिकाणी कुठे वळली ते तिला ऐकू दे. फक्त आमचं ते बाटवलीस, म्हातारी केलीस... ते आहे काय?"

"ते आजचं नाही, मामा. ते तेरा वर्षांपूर्वीचं."

"हां. मग बरं."

खाली कुणीतरी हाक मारत होतं, पाताडे, पाच वाजत आले, गौर आणताय ना? वहिनीने लगबगीने तांब्या दिला. तेरड्याची रोपं रत्नप्रभाच्या हातात आली. गौर आणायची माहेरवाशिणीने, आणि आणताना बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. बोलू नये म्हणून तोंडात पाण्याची चूळ धरायची.

"वाजवायची कुठली?" जिना उतरताना दादाने विचारलं. वरची तार त्याने पुन्हा उतरवली होती. सवयीच्या सुराला.

"प्रत्येक भाग दोनदा असतो ना," दशरथ म्हणाला. "पहिल्या वेळी तुझा. दुसऱ्या वेळी माझा."

"आबांनी असं कधी वाजवलं नाही."

"आबांना दोन हातच होते."

■ बाजू दुसरी

बिल्डिंगच्या मागे पंपापाशी जुनी विहीर होती, आता जाळी बसवलेली. तिथे पूजा झाली. रत्नप्रभाने चूळ तोंडात धरली, रोपं छातीशी धरली आणि निघाली. मागे दोन व्हायोलिनं होती, वहिनीचा घंटेचा आवाज होता, टेप उचलून धरलेल्या अनुपमाच्या चपला होत्या.

पहिला भाग दोघांनी मिळून घेतला. पंपापासून जिन्यापर्यंत.

सवयीने तिची बोटं रोपांच्या देठांवर पडायला लागली. मग तिच्या लक्षात आलं की आज तिला कुणाचीच बोटं दिसत नाहीत. मागे बघायचं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा ती ही गत न बघता ऐकत होती. तिने बोटं थांबवली.

पहिल्या पायरीवर दुसरा भाग सुरू झाला. दादा. उतरता, शांत, भजनातून आलेला. तो पहिल्या मजल्याशी टेकला. एक क्षण काहीच वाजलं नाही. शेजारची दारं उघडून बायका उभ्या होत्या. आणि मग तिच्या पाठीमागून, एक पायरी खालून, दशरथची गत भिंतीवरून उडी मारल्यासारखी वर आली, तिला ओलांडून, दादाच्या उघड्या दाराकडे, तिच्या आधी आत गेली.

रत्नप्रभाला हसू आलं. गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी, तोंडात पाणी. अजून आठ पायऱ्या होत्या, आणि तोंडातली चूळ सांडू द्यायची नव्हती.